मुनीर मास्तरांच्या अंगणातला पाऊस

आमच्या वेधशाळेत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावलं जायचं, की इथे अंदाज करायचा नाही. बाहेरच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. हवामानवाल्यांनी अंदाज करायचा नाही, मग करायचं काय? पण उद्याचं सांगणारे लोक वेगळे, आणि ते लांब बसतात. आम्ही निरीक्षक. आत्ता किती गरम आहे, वारा कुठून येतोय, कालपासून आत्तापर्यंत किती पाऊस पडला, ते बघायचं आणि जसं दिसलं तसं लिहायचं. दिसलं नाही तर रकाना कोरा ठेवायचा, पण त्यात मनाचा आकडा घालायचा नाही. तीसेक वर्षांच्या नोकरीत मी मनाचा आकडा एकदाही लिहिला नाही. याचा मला फार अभिमान होता. तो निवृत्तीनंतर करमाडला एका अंगणात मोडला, आणि तेच सांगायला ही लेखणी हातात घेतली आहे.

लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत लोक मला हटकून विचारायचे, "ताई, पाऊस कधी?" मी म्हणायची, मला कालचा विचारा. यावर समोरच्याचा चेहरा असा काही पडायचा, की मलाच वाईट वाटायचं. कालचा पाऊस कुणाला हवा असतो? मला हवा असायचा. पडून गेलेला, जमिनीत मुरलेला, कुणाच्या लक्षातही न राहिलेला पाऊस माझ्या वहीत मिलिमीटरमध्ये झोपलेला असायचा, आणि वही उघडली की त्या दिवसाचा वास यायचा. निदान मला तरी यायचा.

आमची वेधशाळा होती तो चिकलठाण्याचा माळ तेव्हा मोकळा होता. पहाटे साडेपाचच्या पाळीला मी दव पडलेल्या गवतातून चालत जायची तेव्हा पायाखाली जमीन आहे की नाही अशी शंका यायची. माळाच्या मधोमध चार पायांवर पांढरी लाकडी पेटी उभी. तिच्या भिंतींना खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या असतात, म्हणजे हवा आत खेळते पण ऊन शिरत नाही. दार उत्तरेला. ते हळूच उघडायचं, श्वास रोखायचा, कारण आपल्या श्वासानेही पारा हलतो, आणि पटकन वाचून दार लावायचं. वरच्या हवेतला वारा कळावा म्हणून आम्ही फुगा सोडायचो आणि दुर्बिणीला डोळा लावून त्याच्या मागे जायचो. फुगा लहान होत होत टाचणीच्या टोकाएवढा व्हायचा. मग अशी एक वेळ यायची, की तो खरंच दिसतोय की नुसता आठवतोय हे सांगता यायचं नाही. नियम असा, की शंका आली की नोंद थांबवायची. मी थांबवायची, आणि तरी थोडा वेळ वर बघत राहायची.

हे वेड घरी आलं ते साहजिकच होतं. गच्चीवर मी सुताराकडून तशीच एक पेटी करून घेतली. आत दोन तापमापकं टांगली. एकाच्या तळाच्या, पारा असलेल्या फुग्याला मलमलची ओली पट्टी गुंडाळलेली, पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. माठातलं पाणी जसं गार होतं तसा हा पारा खाली राहतो. दोन पाऱ्यांत अंतर जास्त, तर हवा कोरडी. अंतर कमी, तर दमट. शहागंजातल्या एका पत्रेवाल्याने मला वातकुक्कुट करून दिला. त्याचा कोंबडा बदकासारखा दिसायचा, पण वाऱ्याची त्याबद्दल तक्रार नव्हती.

गच्चीवरचं हे बघून लोक मागे लागले, "आम्हाला पण लावून द्या." मग माझे रविवार त्यात जाऊ लागले. गंगापूरच्या एका बाईंकडे रोज अकराला तापमान उसळायचं. बाई घाबरून गेल्या होत्या. जाऊन बघते तर पेटी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आणि अकरा ही त्यांची भाकरीची वेळ. शहरातल्या एका वकीलसाहेबांनी वातकुक्कुटाची उत्तर घराच्या दारावरून ठरवली होती, कारण दार उत्तरेला आहे असं वास्तूवाल्याने सांगितलेलं. होकायंत्र ठेवलं तर दार बरंच पूर्वेला कललेलं. वकीलसाहेब होकायंत्रावर वाकून बघत म्हणाले, "म्हणजे वारा बरोबर आहे आणि घर चुकलंय?" शेंद्र्याला एका घरी आजूबाजूच्या बायका पेटीला हळदीकुंकू वाहायच्या. त्याला माझी हरकत नव्हती. पण श्रावणात कुणीतरी आत दिवा लावला, आणि त्या दिवशी शेंद्र्यात जी उष्णतेची लाट आली तिची नोंद अजून माझ्याकडे आहे.

या सगळ्यांत पक्के एकच, करमाडचे मुनीर मास्तर. गावातल्या शाळेत ते गणित शिकवायचे. संस्थान भारतात आलं त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी ते चौथीत होते. तोवरचं शिक्षण उर्दूत, पुढचं मराठीत, त्यामुळे दोन्हीकडचं अक्षर मोत्यासारखं. रस्त्यापासून जरा आत घर, घरामागे मोसंबीची बाग. पहिल्या भेटीत मला म्हणाले, "ताई, पोरांना सरासरी शिकवू राह्यलो तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातून. रामने किती आंबे खाल्ले आणि शामने किती. लई कंटाळा आला. खऱ्या पावसाची सरासरी शिकवावी म्हणतो."

मी पत्रेवाल्याकडून पाऊस मोजायचं भांडं करून घेतलं. वर सोळा सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं, खाली बाटली. एवढ्या तोंडाच्या नरसाळ्यात एक मिलिमीटर पाऊस पडला की वीस मिलिलिटर पाणी जमतं. मोजपात्रात ओतायचं आणि वाचायचं. अवघड काहीच नाही. अवघड असते ती जागा. भोवती झाड, भिंत जे काही असेल, ते त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवं, नाहीतर तिरपा पाऊस अडतो. मी अंगणात चारी बाजूंना पावलं टाकून मोजलं. पश्चिमेला तीन पावलांवर विटांच्या आळ्यात कडुलिंबाचं वीतभर रोप होतं. मी ते ओलांडून गेले. वीतभर रोपाची दुप्पट म्हणजे दोन वीत. नियमात चोख बसत होतं. रोप वाढतं हे नियमात लिहिलेलं नव्हतं, आणि माझ्या डोक्यातही आलं नाही.

"मास्तर," मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो." मास्तरांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

त्यानंतर रोज सकाळी साडेआठला मास्तर त्या भांड्याशी वाकले. शाळा असो, ईद असो, अन्वरचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं लग्न असो. ते गावाला गेले तर त्यांच्या पत्नी रशीदाभाभी वाचायच्या. मोजून झालेलं पाणी भाभी कधी फेकायच्या नाहीत. "गिनलेलं पाणी हाये, असं कसं फेकावं?" म्हणून जवळच्या लिंबाला घालायच्या. भाभी गेल्या त्या दिवसाचीही नोंद वहीत आहे. आकडा शून्य, अक्षर जरा वाकडं.

दर वर्षी पावसाळा संपला की मास्तरांचं कार्ड यायचं. वर्षाची बेरीज आणि खाली 'आपला नम्र'. मी ती बेरीज आमच्या आकड्यांशेजारी मांडायची. सुरुवातीची वर्षं दोन्ही आकडे हातात हात घालून चालले. मग करमाडचा थोडा मागे पडू लागला, आणि दर वर्षी थोडा थोडा पडतच गेला. एका कार्डाच्या उत्तरात मी लिहिलं, 'तुमच्याकडचा पाऊस खरोखर कमी होतो आहे. डोंगराच्या आडोशाचा परिणाम असावा.' हा 'असावा' लिहिताना माझा हात जराही अडला नाही. उलट मला ती कल्पना आवडली. एका गावावरून पाऊस हळूहळू, कुणाला न सांगता निघून चाललाय, आणि तो जाताना फक्त मास्तरांनी आणि मी पाहिलाय. संध्याकाळी गच्चीवर बसून मी पूर्वेच्या ढगांकडे बघत त्यावर कितीदा विचार केला असेल! करमाड एसटीने तासाभरावर. मी गेले नाही.

निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यात अन्वरचा फोन आला. तो शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला जातो, राहतो घरीच.

"ताई, अब्बा बाग तोडू राह्यले. अर्धी तोडली."

"का?"

"म्हणतेत पाऊस संपू राह्यला. विहिरीला पाणी हाये ताई, मी रोज बघतो. पण ते म्हणतेत, विहीर काय सांगते, वही बघ. ते तुमचंच ऐकतेत. एकदा येऊन जा."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. फाटकातून आत शिरले आणि एकदम सावली अंगावर आली. इतकी गार, हिरवी सावली, की क्षणभर मी ज्यासाठी आले होते तेच विसरले. वरून लिंबाचा मोहोर भुरभुर पडत होता, जमीन पांढुरकी झालेली. पाऊस मोजायचं भांडं जिथे मी रोवलं होतं तिथेच होतं, घासून लख्ख. त्याच्या नरसाळ्यातही मोहोर साचला होता. मी वर पाहिलं. पश्चिमेकडचं सगळं आभाळ लिंबाने व्यापलेलं. पाऊसकाळात आमच्याकडे वारा येतो तो पश्चिमेकडूनच. घरामागून कुऱ्हाडीचे आवाज येत होते.

मास्तर वही घेऊन बाहेर आले. थकले होते, पण मला बघून खुलले.

"बरं झालं आल्या. बघा ना, कसं उतरू राह्यलं ते. तुम्ही कार्डावर लिहिलं होतंच." त्यांनी आलेख काढला होता, निळ्या शाईने, पट्टीला धरून. "झाडं पाण्यावाचून वाळत जातील ताई, एकेक करून. मला ते बघवायचं नाय. त्यापेक्षा हिरवी हायेत तवरच काढलेली बरी."

"मास्तर, आधी कुऱ्हाड थांबवा."

अन्वर दारातच उभा होता. तो मागे धावला. आवाज थांबले. मी मास्तरांचा हात धरून त्यांना भांड्यापाशी नेलं आणि वर बोट दाखवलं. समजावून सांगायची फारशी गरज पडली नाही. गणिताचा माणूस. त्यांनी एकदा लिंबाकडे पाहिलं, एकदा नरसाळ्याकडे, मग पश्चिमेकडे.

"म्हणजे पाऊस कमी नव्हता झाला?"

"शिवारात पडत होता. या भांड्यात पडत नव्हता."

मास्तर हसले. मनापासून, तोंड भरून हसले. "म्हणजे इथंच होता! गेला नव्हता!" किती वर्षं मनावर घेतलेलं ओझं उतरलं असावं. आणि मग ते हसू चेहऱ्यावर तसंच असताना त्यांनी घरामागे मान वळवली. तिथे उघडं आभाळ दिसत होतं, जिथे आदल्या आठवड्यापर्यंत मोसंबी होती.

भांड्याच्या कडेवर हात ठेवून ते म्हणाले, "माझीच चूक. रोज इथं वाकलो. एकदा मान वर नाय केली."

त्या क्षणी बोलायला हवं होतं, जागा मी निवडली, रोप मी पाहिलं होतं. शब्द तयार होते. पण कुऱ्हाड थांबली होती, अर्धी बाग वाचली होती, मास्तर माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने बघत होते, की मी ते शब्द गिळले.

लिंब तोडायचा प्रश्नच नव्हता. तो भाभींचा होता. भांडं हलवायचं ठरलं. आणि नियमात बसेल अशी चारी बाजूंनी मोकळी जागा त्या घरात आता एकच होती, तोडलेल्या बागेची. दुपारी आम्ही तिथे खुंटांच्या मधोमध ते नव्याने रोवलं. इतकी उत्तम जागा माझ्या सगळ्या रविवारांत मला कुणाकडे मिळाली नव्हती.

यंत्र हलवलं की वहीत तशी नोंद करावी लागते: जुनी जागा, नवी जागा, कारण. नंतर वही वाचणाऱ्याला आकडे एकदम का बदलले ते कळावं म्हणून. मास्तरांनी सुरेख अक्षरात लिहिलं, 'कारण : नोंद घेणाऱ्याचे दुर्लक्ष.' आणि वही माझ्यापुढे केली. "साक्षीला तुमची सही पायजे ताई. तुम्ही खात्यातल्या."

मी सही केली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. ऊन कललं होतं, जालना रोडच्या कडेची शेतं पिवळ्या धुळीत तरंगल्यासारखी मागे जात होती. तीस वर्षांत जे केलं नाही ते एका सहीत करून बसले, तेही ज्याला खरं लिहायला शिकवलं त्याच्याच वहीत. माझं मलाच तोंड दाखवायची लाज वाटली.

पावसाळा आला तसे मास्तरांचे फोन सुरू झाले. "ताई, आज बावीस!" "ताई, रात्रभर पडला, छप्पन्न!" आवाज पोरासारखा. आकडे शहराच्या आकड्यांशी छान जुळत होते, कधी पुढेही जात होते. मी "वा वा" म्हणायची आणि फोन ठेवला की गच्चीवर जाऊन बसायची. समोर ढग चाललेले असायचे. चांगला आकडा आला की जास्त त्रास व्हायचा. असा पाऊस दर वर्षीच पडत होता, आणि एवढं पाणी असताना ती झाडं गेली होती.

भाद्रपदात एक दिवस सकाळची पहिली एसटी पकडली. मास्तर ओसरीवर चहा पीत होते. मी म्हटलं, "वही आणा." वहीत चूक दुरुस्त करायची आमची एक रीत आहे. खोडरबर वापरायचं नाही, शाईचा बोळा फिरवायचा नाही. चुकीच्या मजकुरावर एकच बारीक रेघ मारायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही वाचता येतं. वर बरोबर ते लिहायचं आणि सही. मी तशी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'जागा निवडणारीची चूक. रोप तेव्हाही दिसले होते.' खाली सही केली.

मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

"दिसलं होतं?"

"ओलांडून गेले होते."

"आन् कार्डावर ते? डोंगराचा आडोसा?"

"मनाचं होतं. येऊन बघायला पाहिजे होतं. नाही आले."

आतून सुनेच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मला वाटलं, आता उठावं आणि जावं. एवढ्या वर्षांचं नातं संपलं असं धरूनच मी आले होते. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या ओळीखाली आपल्या अक्षरात लिहिलं, 'दोन्ही कारणे खरी.' सही केली, वही मिटली आणि मोजपात्र घेऊन उठले. "चला," एवढंच म्हणाले.

आम्ही घरामागे गेलो. उजवीकडे राहिलेली अर्धी बाग, पानं धुऊन काळसर हिरवी झालेली. डावीकडे खुंट. त्यांच्यामधून मास्तर जपून पावलं टाकत चालले होते, मी त्यांच्या मागे. मधल्या एका खुंटाला तळाशी कोवळा फुटवा आलेला मला दिसला. मला इतका आनंद झाला, की मी जवळजवळ ओरडलेच, "मास्तर, हे बघा, फुटलं! येईल परत!"

मास्तर थांबले. वाकून त्यांनी त्याचं एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. उग्र, आंबट वास होता.

"हे जंबेरी हाये ताई. मोसंबीचं कलम जंबेरीवर बांधतेत. वरची मोसंबी आपण तोडली. खालून येतं ते जंबेरीच, त्याला मोसंबी कधी लागत नाय." ते सरळ उभे राहिले. "अन्वर म्हणतो, काढून टाका. बरोबर हाये त्याचं. पण आता मला काहीच तोडवत नाय."